एकही ब्रँड हातात नाही, मग यूजीसीच्या पोर्टफोलिओत काय टाकायचं?

सिडकोकर_मुलगी: नमस्कार. मला यूजीसीचं (युजर जनरेटेड कंटेंट) काम सुरू करायचंय, म्हणजे ब्रँडच्या पेजसाठी आणि जाहिरातींसाठी व्हिडिओ करून द्यायचे. पण जो तो आधी पोर्टफोलिओ मागतो. काम मिळाल्याशिवाय तो बनणार कसा? इन्स्टावर फॉलोअर जेमतेम आहेत. चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?

भांडीबाजार_नाशिक: ताई, कॅमेऱ्यावर आत्ता एक रुपयाही घालू नका. फॉलोअरचीही काळजी नको, व्हिडिओ ब्रँडच्या पेजवर जाणार आहे, तुमच्या नाही. घरात जे रोज वापरता त्यावरच नमुने करा. तीन-चार पुरेत, पण प्रत्येकाची जात वेगळी हवी: एकात वस्तू कशी वापरायची ते, एकात अडचण आणि तोडगा, एकात कॅमेऱ्याकडे बघून तुमचं मत.

माझा सगळ्यात चाललेला नमुना तांब्याच्या गडूचा. अर्धा गडू काळपटच ठेवला, अर्धा चिंच-मिठाने घासला आणि पहिल्याच शॉटमध्ये तो हातात फिरवला. काळी बाजू जाऊन लखलखीत बाजू समोर येते, तिथे बघणारा थांबतो. नाव-गाव, नमस्कार सगळं त्यानंतर. पहिले तीन सेकंद गेले की माणूस गेला. शूट सकाळी खिडकीशी केलं, पंखा बंद करून, माइक म्हणून इअरफोनचाच. घासण्याचा खसखस आवाज मुद्दाम ठेवला. फोन उभा धरा, चौकट ९:१६ ची.

आणि प्रत्येक नमुन्यावर ‘सराव व्हिडिओ, ब्रँडशी करार नाही’ असं स्पष्ट लिहा. न केलेलं काम केलं म्हणून दाखवणं मला मुळीच पटत नाही. सगळे व्हिडिओ कॅनव्हाच्या (डिझाइनचं ॲप) एका पानावर लावा, लिंक फोनवर पटकन उघडली पाहिजे.

गंगापूररोड_एडिटर: दादांचं बरोबर. त्यात एक भर: ट्रेंडिंग गाणी नमुन्यात वापरू नका. वैयक्तिक रीलला चालतात, जाहिरातीला परवाना लागतो. त्यापेक्षा स्वतःचा आवाज द्या. मराठी आणि हिंदी, दोन्हींत एकेक व्हिडिओ असू द्या. इथल्या चिवडा, मनुके, पैठणीवाल्यांना मराठीच हवी असते.

सिडकोकर_मुलगी: खूप आभार दोघांचे. आमच्या ओळखीत एक मनुकेवाले आहेत, ते म्हणतात मनुके देतो, व्हिडिओ करून दे. घेऊ का?

भांडीबाजार_नाशिक: पहिला एखादा घ्या, पण दोन गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी ठरवून घ्या: व्हिडिओ तुमच्या पोर्टफोलिओत राहील, आणि ते तो फक्त स्वतःच्या पेजवर टाकतील. पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवायचा असेल तर किती महिने ते ठरवून त्याचे वेगळे पैसे. कच्चं फुटेज मागितलं तर त्याचेही वेगळे. आणि तोच व्हिडिओ तुमच्या स्वतःच्या पेजवर टाकलात तर जाहिरात असल्याचं लेबल लावा. एएससीआय, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था, तिच्या २०२१ च्या नियमांत फुकट मिळालेली वस्तूही धरली आहे. मनुक्यांचा व्हिडिओ झाला की लिंक इथेच टाका, पहिले तीन सेकंद मी नीट बघून सांगतो.