पंखा डुलतोय, पाती बदलू का?

प्रश्न: डोंबिवलीतलं जुनं घर. हॉलमधला पंखा पाचवर टाकला की डुलतो, वरून कटकट येते. सासूबाई त्याखाली झोपेनात. पाती बदलू?

उत्तर: ताई, पात्यांचं नंतर. आधी मेन स्विच पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या वायरिंगमध्ये ते न्यूट्रलवरही (परतीच्या तारेवर) असतं, म्हणजे बटण बंद असूनही पंख्यात करंट राहतो. मग वरची वाटी खाली सरकवा. हुकातलं रबर झिजलं की बोल्ट लोखंडावर घासतो. बोल्टला कॉटर पिन, म्हणजे तो निसटू नये म्हणून आरपार घातलेली पिन, आहे ना? नसेल तर पंखा चालू करूच नका.

दुसरं उत्तर: फिरतोही हळू? मग कंडेन्सर (मोटरला जोर देणारा छोटा भाग) गेला असेल, बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा. स्वस्तात होतं.

प्रश्नकर्ती: वाटी सरकवली. रबराचा भुगा, आणि पिनेजागी चक्क तार पिळलीय! वायरमन येतोय.