रेकीचे शुल्क आणि परंपरा

रेकी, म्हणजे हात ठेवून ऊर्जा दिली जाते असे मानणारी उपचारपद्धती, ही हजारो वर्षांची अखंड परंपरा असून मास्टरपदाचे (म्हणजे ती शिकवणाऱ्याच्या पदवीचे) भरमसाट शुल्क त्या परंपरेतूनच आले आहे, हे एका वाचकाचे मत मला पटत नाही. मिकाओ उसुई यांनी ही पद्धत जपानमध्ये १९२२ साली शिकवायला आरंभ केला. मास्टरपदासाठी १०,००० डॉलरचा आकडा रूढ झाला तो त्यांच्यानंतर, ही विद्या हवाईमध्ये नेणाऱ्या हवायो टकाटा यांच्यामुळे. १९८० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अनेक शिक्षकांनी तो कमी केला, त्यामुळे त्याला शास्त्राज्ञा मानण्याचे कारण नाही.

आधी स्वतःवर सराव करावा, हे त्यांचे म्हणणे मात्र योग्य आहे. नागपुरात धरमपेठेतील ज्या वर्गात मी रेकीची पहिली पदवी (प्राथमिक पायरी) घेतली, तेथील शिक्षिकांनी २१ दिवस स्वतःवर उपचार केल्याशिवाय दुसऱ्यावर हात ठेवू नये, आणि रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी कोणालाही बंद करायला सांगू नये, असे पहिल्याच दिवशी बजावले होते. (मे महिन्यात हा सराव पहाटेच करावा, कारण नंतर कूलरच्या घरघरीत मन लागत नाही.) मला त्यातून झोप सुधारल्याचे जाणवले, तरी याचे श्रेय ऊर्जेला द्यावे की नियमाने स्वस्थ पडून राहण्याला, हे ठरवता येत नाही, कारण अशी ऊर्जा अद्याप कोणत्याही उपकरणाने मोजली गेलेली नाही.