24 व्होल्टच्या जुन्या ट्रकात टेप बसवतोय, शिट्टी जात नाही. मदत हवी आहे

मंडळी, वडिलांचा जुना लांब नाकाचा ट्रक रंगवून घेतला. आता त्यात गाणी वाजायला हवीत, नाहीतर घाट चढायचा कसा? गाडी 24 व्होल्टची, 12-12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये.

आधीच्या वायरमनने सरळ खालच्या (म्हणजे बॉडीला निगेटिव्ह असलेल्या) बॅटरीतून 12 व्होल्ट काढून टेपला दिले होते. सगळे तसंच करतात म्हणे. इंजिन चालू असताना मोजलं तर वरची बॅटरी 14.9 आणि खालची 12.9! म्हणजे एक उकळतेय, दुसरी उपाशी. वरच्यात दर पंधरा दिवसांनी पाणी घालत होतो, कारण आत्ता कळलं.

मग 24 चे 12 व्होल्ट करणारा 10 अँपिअरचा कन्व्हर्टर लावला. बॅटऱ्या सारख्या झाल्या, पण आता स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. रेस दिली की सूर चढतो, इंडिकेटर लावला की टिक्‌टिक्‌ ऐकू येते. सेटची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात 0.6 व्होल्ट दिसतात, हेडलाइट लावले की 1.1.

स्पीकरची एक वायर जुन्या पद्धतीने बॉडीला होती, ती सोडवून दोन्ही वायरी सेटपर्यंत नेल्या. स्पीकरची वायर बॉडीला दिलेली नव्या सेटला चालत नाही, हे एक चॅनल जाळून शिकलो.

आता अर्थिंगची जाड वायर थेट बॅटरीपासून ओढू, की केबिन आणि चासीमधली गंजलेली पट्टी आधी बदलू? की अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) डायोड गेलाय? तो घरच्या मीटरवर कसा तपासायचा?