चीनमधल्या शाळेची ऑफर आलीय, घेऊ का?

चेंगदूच्या एका खाजगी शाळेत इंग्लिश शिकवायची ऑफर आलीय, बीएड आहे, पुण्यात ४ वर्षं शिकवतेय. एजंट म्हणतो आधी बिझनेस व्हिसावर या, बाकीचं नंतर बघू. काय करू?

— ताई, अजिबात जाऊ नका! नोकरीला झेड व्हिसाच लागतो, एम (म्हणजे बिझनेस) व्हिसावर शिकवणं बेकायदेशीर आहे, पकडलं तर दंड, वर डिपोर्ट, आणि तेव्हा एजंट फोनसुद्धा उचलत नाही. मैत्रिणीचे हाल बघितलेत म्हणून जीव तोडून सांगतेय.

— वर्क परमिट त्याच शाळेच्या नावावर हवं. आपल्या पासपोर्टवर इंग्लिश टीचरचं परमिट अवघड जातं, ते आधी विचारा. डिग्रीला नुसतं अपोस्टिल (परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) भारत-चीनमध्ये चालत नाही, चिनी दूतावासाकडून अटेस्टेशन लागतं.

— आणि आठवड्याचे तास करारात लिहून घ्या, तोंडी नको.