मदत हवी आहे: साडेतीन तासांच्या उन्हात डेलिया फुलेल का?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. गणपती झाले की बियाण्यांचे कॅटलॉग काढून बसणं हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता उद्योग. रात्री जेवणं उरकली की पानं चाळत बसते. डेलियाच्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून मऊ पडलाय. त्यातला गर्द जांभळा, पाकळ्यांची टोकं पांढरी असलेला, डोळ्यांसमोरून हलत नाही. ट्युलिपचा मोह मात्र सोडलाय. त्याच्या कंदांना कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती इथे कुठून आणणार?

अडचण उन्हाची आहे. बाल्कनी पूर्वेची, सकाळी ७ ते साडेदहा ऊन, मग सावली. कुंड्या १० इंची, सहा आहेत. गेल्या वर्षी पिटुनियाचं बारीक बी वाळूत मिसळून पेरलं. उगवलं छान, पण रोपं उंच, लुकडी झाली आणि फुलं जेमतेम चार. फार वाईट वाटलं.

एवढ्या उन्हात डेलिया कुणी फुलवलाय का? कंद मागवू की तयार रोप आणू? आणि पॅन्सी जमेल का? ऑक्टोबर लागायच्या आत मागणी नोंदवायची आहे.