फोनवरून दिलेले प्रभुभोजन: ग्रामीण मंडळ्यांचे चुकले का?

सांगोलेकर:
२०२० साली उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) १० एप्रिलला आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) १२ एप्रिलला आला, तेव्हा कोरोनाच्या टाळेबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मोबाइलवरून उपासना घेतली आणि प्रत्येक घराने आपापली भाकरी व द्राक्षरस पुढे ठेवावा, असे सांगून प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरी व द्राक्षरस घेण्याचा विधीही, दिले. उपासनेबद्दल माझी तक्रार नाही. ती अडचणीतली सोय होती. परंतु एकच भाकरी मोडून सर्वांनी वाटून घेणे हाच ज्या विधीचा गाभा, तो ज्याच्या त्याच्या ताटात उरकला, तर ते जेवण होते, सहभागिता नव्हे. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. तोवर थांबायला हवे होते.

बार्शीकर:
थांबण्याची भाषा धडधाकट माणसाला शोभते. माझी आई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली, आणि एप्रिलमध्ये फोनसमोर बसून घेतलेले प्रभुभोजन हेच तिचे शेवटचे ठरले. अंत्यविधीला वीस जणांचीच परवानगी होती, त्यामुळे निम्मी मंडळी वेशीपाशीच थांबली. पहिल्या शतकातले ख्रिस्ती विश्वासणारे घरांतच जमत होते, मग घरातली भाकरी आज कमी पवित्र कशी? त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. म्हणून वारी झालीच नाही, असे कोणी म्हणाले का?

सांगोलेकर:
आईंबद्दल वाईट वाटले. पण वारीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. पादुका खऱ्या होत्या, पंढरपूर खरे होते, कमी झाली ती माणसे. त्याच न्यायाने पाळकसाहेब आणि मंडळीचा कारभार पाहणारे दोन पंच यांनी चर्चमध्ये सर्वांच्या वतीने प्रभुभोजन घ्यायला हवे होते.

बार्शीकर:
‘सर्वांच्या वतीने’ हा शब्द आपल्या परंपरेत बसतो का, हे आधी पाहावे. प्रत्येक विश्वासणारा याजक (पुरोहित) आहे, असे वर्षभर शिकवायचे आणि संकट आले की तिघांनी तीनशे जणांसाठी जेवायचे!

मोहोळकर:
दोघेही घरोघरी फोन होता असे धरून चालला आहात. आमच्या वस्तीवर चौदा घरे आणि चित्र दिसणारे फोन चार. त्यांतला एक दिवसभर शेतात असे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने आम्ही टाळ-ढोलकीवर म्हणतो, पण फोनवर प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचे, म्हणून शेवटी एकाने गायचे आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा, असे ठरले. भजन म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. आमचे पंच दर रविवारी प्रत्येक अंगणात लांब उभे राहून शास्त्रपाठ वाचत आणि प्रार्थना करत. प्रभुभोजन मात्र त्यांनी कोणालाच दिले नाही. दानपेटी आटली, कापणीच्या सणात वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला नाही आणि पाळकसाहेबांचे मानधन थकले, त्याबद्दल मात्र इथे कोणी बोलत नाही.

सांगोलेकर:
अंगणातली ती रीत मला मान्य आहे. आजाऱ्याच्या घरी पाळकांनी प्रभुभोजन नेणे तर पूर्वापार चालत आले आहे. बार्शीकरांच्या आईंसाठी तेवढे करता आले असते.

बार्शीकर:
आमच्या पाळकसाहेबांकडे पाच गावे आहेत. त्या आठवड्यात आमच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ता अडवला होता. ते निघाले होते, अर्ध्या वाटेवरून परतले. मग त्यांचा फोन आला.