सँडहर्स्ट साहेबाचं नाव पुसायचं की ठेवायचं?

खेतवाडीकर: हार्बरच्या वरच्या फलाटावर रोज ती पाटी बघतो. 2024 मध्ये विधिमंडळाने ठराव केला, सँडहर्स्ट रोड स्टेशनचं नाव डोंगरी करा. माझा विरोध. हा लाटसाहेब 1895 ते 1900 मुंबईचा गव्हर्नर. 1896 मध्ये मांडवीत प्लेग निघाला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे गोरे सोल्जर थेट देवघरापर्यंत शिरले, बायाबापड्यांना उघड्यावर उभं करून तपासलं. चापेकरांनी रँडला उडवलं, तर इकडे टिळकांना 'केसरी'तल्या मजकुरापायी दीड वर्ष सक्तमजुरी. सगळं याच्याच अमदानीत. पाटी काढली की बाबा सुटला! त्यापेक्षा पाटीखाली हे लिहा.

भाऊचा धक्का: लिहिलं तरी वाचणार कोण? 8:42 पकडायची की इतिहास वाचायचा? 2018 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं, आता कोणी अडखळतं का? छळणाऱ्याचं नाव पासावर कशाला मिरवायचं?

परळची सून: सगळ्या एल्फिन्स्टनना त्यात ओढू नका. स्टेशनवाला लॉर्ड एल्फिन्स्टन 1853 नंतरचा गव्हर्नर, त्याच्या आधीचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेगळा. पेशवाई बुडाल्यावर ब्राह्मणांना वाटायच्या दक्षिणेच्या पैशातून 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली ती माउंटस्टुअर्टच्याच काळात. आणि सँडहर्स्टच्या वेळीच 1899 ला शास्त्रज्ञ हाफकिनना प्लेगच्या लशीसाठी परळची गव्हर्नरची कोठी मिळाली. शहर सुधारायला काढलेला 1898 चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही तेव्हाचाच. हे रुंद रस्ते काय आभाळातून पडले?

खेतवाडीकर: ताई, ती कोठी गव्हर्नरांनी आधीच सोडली होती. एका गव्हर्नरची बायको तिथे पटकीने गेली, मग साहेब लोक मलबार हिलच्या वाऱ्याला पळाले. आणि रस्ते म्हणाल तर, त्यासाठी ज्या चाळी पाडल्या त्यातलं बिऱ्हाड कुठे गेलं? शेजारच्या चाळीत, एका खोलीत दोन कुटुंबं. पाठशाळेचं मात्र मान्य. माउंटस्टुअर्ट वेगळा होता, पण राज्य कंपनीचंच. त्यानेच गादीवर राहू दिलेलं साताऱ्याचं राज्य कंपनीने 1848 मध्ये खालसा केलंच ना?

भाऊचा धक्का: साथरोगाचा कायदाही सँडहर्स्टचाच ना? 2020 मध्ये आपल्याला घरात कोंडलं तोच.

खेतवाडीकर: नाही, 1897 चा तो कायदा कलकत्त्याच्या व्हाइसरॉय सरकारचा. अंमल मुंबई सरकारचा, आणि रँडला नेमलं तेही यांनीच. ज्याचं पाप त्याच्या पदरात घाला, म्हणून तर पाटी हवी.

डोंगरीचा नातू: आमचे आजोबा जन्मभर 'संडास रोड'च म्हणाले. बुकिंगवाला निमूट तिकीट फाडायचा.